चाळीस मिनिटांचा अंक

पाडव्याच्या सकाळी फडके रोडवर पाय ठेवायला जागा नसते. गणेश मंदिर संस्थानाने १९९९ मध्ये डोंबिवलीत नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली आणि मग ती गावोगावी गेली, हे डोंबिवलीकर न विचारताही सांगतो. २५ मार्च २०२० चा पाडवा मात्र नेमका टाळेबंदीच्या पहिल्या दिवशी आला. ढोल नाही, लेझीम नाही, नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या मुली नाहीत. मी खिडकीच्या गजाला गुढी बांधली, फोटो काढून ग्रुपवर टाकला. पाठोपाठ इतरांच्या गुढ्या आल्या. त्या वर्षीची आमची यात्रा एवढीच.

पुढच्या दोन वर्षांत घरबसल्या काय काय पाहिलं-ऐकलं, याचा हिशेब मांडायला बसलो की मला आधी लोकल आठवते. कल्याणला अत्रे रंगमंदिर आहे, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे, ठाण्याला गडकरी रंगायतन १९७८ पासून आहे. तरी हवं ते गाणं नेमकं दादर-पार्ल्यालाच असतं. भैरवी सुरू झाली की आमच्यातला एक जण घड्याळ बघणारच. कित्येक भैरव्या मी दादरच्या जिन्यावर मनातल्या मनात पुऱ्या केल्या आहेत. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली आणि शेवटच्या गाडीची धास्तीही गेली.

ग्रुपवर आम्ही अकरा जण, ठाण्याच्या नौपाड्यापासून कल्याणच्या खडकपाड्यापर्यंत पसरलेले. व्हॉट्सअॅपच्या व्हिडिओ कॉलवर तेव्हा चौघंच मावत, एप्रिलअखेर आठ झाले. म्हणून दर शनिवारी नाटक वाचायला झूमवर गेलो. फुकटात चाळीस मिनिटं. वेळ संपली की वाक्य अर्धं टाकून पडदा पडायचा आणि पुन्हा सगळ्यांची जमवाजमव. सुरुवातीचे दोन-तीन शनिवार नुसती चिडचिड. मग कुणीतरी म्हणालं, अहो, हे मध्यंतरच की! तेव्हापासून अडतिसाव्या मिनिटाला थांबेल असा मजकूर निवडायचा, मग चहा. बटाटेवडा ज्याच्या त्याच्या घरचा.

वाचायचं काय, हा प्रश्न वाटला तितका सोपा नव्हता. हयात लेखकाचं वाचायचं तर परवानगी हवी. लेखक जाऊन साठ वर्षं झाली की हक्क मोकळे होतात, म्हणून आम्ही देवल-गडकऱ्यांकडे गेलो. गडकरी १९१९ साली गेले. त्यांच्या नावाच्या ठाण्यातल्या नाट्यगृहाला कुलूप, आणि आम्ही आपापल्या स्वयंपाकघरात ‘एकच प्याला’ काढून बसलेलो. पाच अंक, एकेका अंकाला दोन-दोन चाळिश्या लागायच्या. सुधाकर नौपाड्यातले एक निवृत्त बँकवाले. सिंधू डोंबिवलीतल्या रामनगरच्या काकू, वय अठ्ठ्याहत्तर, बिनलिफ्टच्या इमारतीत तिसरा मजला, गुडघे गेलेले. सहा वर्षांत नाट्यगृहाची पायरी चढलेल्या नव्हत्या. फोन असा धरायच्या की आम्हाला त्यांचं कपाळ आणि छताचा पंखा दिसे. पण आवाज! दारूच्या नाटकाला आता कोण रडतो, असं मी आधी म्हणालो होतो. पाचव्या अंकाला माझा कॅमेरा मी मुद्दाम बंद ठेवला.

पदं मात्र आम्ही सोडली. ती विठ्ठल सीताराम गुर्जरांची, म्हणायची इच्छा खूप, पण पडद्यावर दोघांनी मिळून गायची सोयच नाही. एकाचा सूर दुसऱ्याच्या घरी उशिरा पोचतो. बोलताना तेवढा उशीर चालून जातो, समेवर चालत नाही. ज्यांच्या घरी गाण्याची शिकवणी चालते त्यांनी ही अडचण आणखी सोसली. व्हिडिओ कॉलची अॅप्स बोलण्यासाठी केलेली. अखंड एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा मोटार, असं समजून ती तो गाळून टाकतात. तानपुरा दुसरं काय करतो? आमच्यातल्या एक गायनशिक्षिका षड्ज लावून बसायच्या आणि पलीकडच्या मुलीला शांतता ऐकू यायची. सेटिंगमधलं ‘ओरिजिनल साउंड’ सापडायला त्यांना तीन आठवडे लागले. तबला ज्याने त्याने आपल्या फोनवर लावायचा, बाईंनी ओळ सांगायची, मुलीने ती एकटीने गायची. शिकवणी निभावली. मैफल नाही, हे मी अजूनही ठामपणे म्हणेन.

ऐकलं मात्र पुष्कळ. बनारसचा संकटमोचन समारोह त्या एप्रिलमध्ये ऑनलाइन झाला, तेव्हा न्यू जर्सीत अडकलेले पंडित जसराज तिथूनच गायले. ऑगस्टमध्ये ते तिथेच गेले. लंडनच्या नॅशनल थिएटरने यूट्यूबवर आठवड्याला एक नाटक फुकट दाखवलं, आपल्याकडच्या रात्री साडेअकराला. ‘फ्रँकेनस्टाइन’च्या दोन आवृत्त्या होत्या, दोन्ही नटांनी भूमिकांची अदलाबदल केलेली. त्यावर आमच्यात आठवडाभर वाद. इकडे हृषीकेश जोशींनी ‘नेटक’ म्हणून ऑनलाइन नाटकाचा प्रकार आणला, त्यातलं ‘मोगरा’ आम्ही पाहिलं.

एप्रिल २०२१ मध्ये वाचन थांबलं. महिनाभर त्या ग्रुपवर फक्त बेड, ऑक्सिजन, रक्तगट. आम्ही अकराचे दहा झालो. गेलेल्याचं नाव ग्रुपवरून कुणी काढलं नाही, कुणी त्याबद्दल बोललंही नाही.

नाट्यगृहं ५ नोव्हेंबर २०२० ला अर्ध्या खुर्च्यांवर उघडली होती, दुसऱ्या लाटेत मिटली, २२ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली. त्यानंतर शनिवारची हजेरी सहावर, मग चारवर आली. वाईट वाटलं, पण मीही गडकरीला तिकीट काढून बसलोच होतो. काकू मात्र दर शनिवारी नऊला लिंक उघडून वाट बघायच्या.

२ एप्रिल २०२२ चा पाडवा. निर्बंध नुकतेच उठलेले, फडके रोडवर पुन्हा पाय ठेवायला जागा नाही. गर्दीत फोन वाजला. काकूंचा व्हिडिओ कॉल.

“तुझं तोंड नको, रस्ता दाखव.”

फोन डोक्यावर धरून हात अवघडेपर्यंत उभा राहिलो. पथक अगदी समोर आलं.

“ढोल ऐकू येत नाही रे,” काकू म्हणाल्या, “नुसत्या टिपऱ्या हलताना दिसतायत.”

तानपुरा गिळला तसा त्या अॅपने ढोलही गिळला होता. मी ते समजावून सांगणार, तोवर त्याच म्हणाल्या, “थांब, खिडकी उघडते.”