नदीच्या नावाचा क्लब
लेखमाला ‘गाव तिथं मैदान’ : भाग ७

१० जुलै १९९४, रविवार, रात्री साडेनऊ. चाळीत आमच्या मजल्यावरचा चांगला रंगीत टीव्ही समोरच्या काकांकडे होता आणि काका कट्टर जर्मनीवाले होते. विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी. पडद्यावर बल्गेरियाच्या खेळाडूंची नावं येऊ लागली : मिहायलोव्ह, हुब्चेव्ह, इव्हानोव्ह, किर्याकोव्ह, त्स्वेतानोव्ह, यांकोव्ह, लेच्कोव्ह, सिराकोव्ह, बालाकोव्ह, कोस्तादिनोव्ह, स्तोइच्कोव्ह. काका हसत सुटले. “अरे, ही टीम आहे की भाऊबंदकी?”

त्यांचंही चुकलं नव्हतं. आपला ‘कर’ गाव सांगतो, त्यांचा ‘ओव्ह’ घर सांगतो. इव्हानोव्ह म्हणजे इव्हानचा. कधी काळी घराण्यात कुणी इव्हान होऊन गेला, त्याचं नाव पुढच्या पिढ्यांना चिकटलं. तर त्या रात्री मातेउसनं पेनल्टीवर जर्मनीला पुढं नेलं, पंचाहत्तराव्या मिनिटाला स्तोइच्कोव्हची फ्री किक आत गेली, तीन मिनिटांनी लेच्कोव्हनं झेपावून डोकं लावलं आणि काकांनी बोलणंच टाकलं. २–१. त्याआधीच्या पाच विश्वचषकांत सोळा सामने खेळून एकही न जिंकलेला देश गतविजेत्यांना घरी पाठवून मोकळा झाला होता.

भाऊबंदकीचा दुसरा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी कळला. त्या अकरातले चौघे, म्हणजे इव्हानोव्ह, किर्याकोव्ह, त्स्वेतानोव्ह आणि बालाकोव्ह, खरोखरच एका घरातून गेलेले होते. बड्या क्लबांच्या आधी त्यांनी जांभळा शर्ट घातला होता तो एतरचा. गेल्या आठवड्यात आपण स्तारा झागोराच्या बेरोएची १९८६ची गोष्ट पाहिली. आज डोंगर ओलांडून उत्तरेला जाऊ.

आधी उच्चाराचं बघू, कारण इथं मराठी माणसाला चक्क फायदा आहे. इंग्रजी नकाशात हे गाव ‘व्हेलिको टार्नोव्हो’ छापतात आणि क्लब ‘एटार’. बल्गेरियन भाषेत एक स्वर आहे, जो रोमन लिपीला नीट लिहिता येत नाही म्हणून तिथं आकार ठोकून देतात. तो स्वर म्हणजे जवळजवळ आपला ‘अ’. त्यामुळे ‘एतर’ आणि ‘वेलिको तर्नोवो’ असं देवनागरीत लिहिलं की बल्गेरियन माणसाला ओळखू येईल असा उच्चार आपोआप होतो. तिथला ‘त्स’सुद्धा आपल्याला परका नाही. ‘चाक’मधला च आणि ‘चहा’मधला च वेगळे, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्यांच्याकडे ‘चाक’मधल्या चला स्वतंत्र अक्षर आहे, एवढंच.

एतर हे यांत्रा नदीचं जुनं नाव. ही नदी तर्नोवोत सरळ वाहतच नाही. डोंगरात वळसे घेत घेत ती गावाला इतकी गुंडाळते की एका टेकडीवरून दुसरीवर जायचं तर बहुतेक वेळा मध्ये पाणी लागतं. कड्यावर घरं एकावर एक रचलेली. खालच्या घराचं छप्पर वरच्याच्या अंगणाला टेकलंय असं वाटावं. ११८५ ते १३९३ हे गाव बल्गेरियन साम्राज्याची राजधानी होतं. त्सारेवेत्सच्या टेकडीवर राजवाडा आणि तटबंदी होती, अजूनही तिथं तिचे अवशेष आणि नव्यानं बांधून काढलेल्या भिंती दिसतात. क्लबाला ‘बोल्यारी’ म्हणजे सरदार हे टोपणनाव मिळालं ते या राजधानीपायी. आज वस्ती साधारण साठ-सत्तर हजार. म्हणजे सरदार बरेच, जहागीर बेताची.

क्लबाची स्थापना १९२४ची. मला मात्र जास्त आवडतं ते मैदानाचं नाव : इवायलो. हा इवायलो कोण? तेराव्या शतकातला डुकरं राखणारा माणूस. उत्तरेकडून तातारांच्या धाडी पडत होत्या, राजाच्यानं काही होत नव्हतं, तेव्हा १२७७मध्ये यानं शेतकरी गोळा केले, तातारांना पिटाळलं आणि मग खुद्द राजाशीच लढून त्याला मारलं. पुढं विधवा राणीशी लग्न करून तर्नोवोत गादीवर बसला. दोनेक वर्षं टिकला, मग परागंदा झाला आणि तातारांच्याच छावणीत त्याचा खून झाला. राजधानीत एकदाच शिरलेल्या गुराख्याचं नाव या मैदानाला देताना कुणाला पुढचं दिसत होतं असं मी म्हणणार नाही, पण नाव लागू पडलं खरं.

कारण बल्गेरियन फुटबॉलची राजधानी तर्नोवो नव्हतं, सोफिया होती, आणि तीही एकाच अर्थानं. १९४४नंतर कम्युनिस्ट राजवटीत क्लब सरकारी खात्यांच्या आणि कामगार संघटनांच्या पदराला बांधले गेले. लष्कराचा सीएसकेए, रेल्वेचे लोकोमोटिव, पेर्निकच्या खाणकामगारांचा मिन्योर. लेव्स्कीसारख्या जुन्या क्लबालाही काही वर्षं नाव टाकून ‘दिनामो’ व्हावं लागलं होतं. लष्कराच्या क्लबाला तर खेळाडू शोधत हिंडायचीही फारशी गरज नसे. देशातल्या प्रत्येक तरुणाला सक्तीची लष्करी सेवा होती. गावातला चांगला पोरगा भरतीला गेला की परत गावच्या संघात येईलच याची खात्री कुणी देत नसे. सोफियाबाहेरचा क्लब त्या राजवटीत कितीदा लीगचा विजेता झाला? १९६३ला प्लोवदिवचा स्पार्ताक, १९६७ला प्लोवदिवचाच बोतेव आणि १९८६ला बेरोए. पंचेचाळीस वर्षांत तीनदा.

एतरला त्या काळात मोठा दिवस एकदाच दिसला. १९७४मध्ये लीगमध्ये तिसरा क्रमांक आला, त्यावर यूएफा चषकात प्रवेश मिळाला आणि पहिल्याच फेरीत समोर कोण, तर इंटर मिलान. तर्नोवोत ०–० झालं. मिलानमध्ये ०–३. घरच्या मैदानावर इंटरला गोल करू दिला नाही, या भांडवलावर एखादं गाव किती वर्षं काढू शकतं हे ज्यांनी तालुक्याच्या मैदानावर फुटबॉल पाहिलाय त्यांना सांगायला नको.

ऐंशीच्या दशकात तिथं पोरांचं एक पीक आलं. क्रासिमिर बालाकोव्ह हा तर्नोवोचाच, १९६६चा जन्म, डाव्या पायाचा. तो चेंडूला लाथ मारत नसे, समजूत घालत असे. त्रिफोन इव्हानोव्ह त्याच जिल्ह्यातल्या गोर्ना लिप्नित्सा खेड्यातला. पुढं त्याची रानटी दाढी आणि मानेवर रुळणारे केस जगभर गाजले, लोक त्याला ‘लांडगा’ म्हणू लागले. पण दाढीच्या मागं चाळीस यार्डांवरून गोलावर फटका मारण्याची हिंमत असलेला बचावपटू होता, हे विसरायला नको. इलियान किर्याकोव्ह जवळच्या पाव्लिकेनीचा, लालसर केसांचा, बुटका, बाजू पकडून दिवसभर धावणारा. त्सान्को त्स्वेतानोव्ह डॅन्यूबकाठच्या स्विश्तोवहून आला. नकाशा काढून पाहा, सगळी गावं एका दिवसाच्या सायकलच्या टप्प्यात येतात. एतरनं पैसे टाकून कुणाला आणलं नव्हतं. आणायला पैसेच नव्हते.

इव्हानोव्हला १९८८मध्ये सीएसकेएनं उचललं. ही रीतच होती. पण पुढच्याच वर्षी रीत मोडली. १० नोव्हेंबर १९८९ला तोदोर झिव्कोव्हची पस्तीस वर्षांची सद्दी संपली आणि ऐन उमेदीतल्या खेळाडूंना परदेशी जायला जी परवानगी मिळत नसे ती मिळू लागली. स्तोइच्कोव्ह १९९०च्या उन्हाळ्यात बार्सिलोनाला गेला, कोस्तादिनोव्ह पोर्तोला, पेनेव्ह त्याआधीच वालेन्सियाला. इतकी वर्षं सीएसकेए आणि लेव्स्की या ज्या दोन क्लबांकडे देशभरातली गुणी पोरं वाहत जात होती, त्यांच्याच घरातून ती आता पश्चिमेकडे वाहून गेली. सोफियाचा खजिना पहिल्यांदा रिकामा झाला. एतरचं मात्र अजून कुणी फारसं नेलं नव्हतं. गाव आडबाजूला असण्याचा असा फायदा आयुष्यात एखाद्याच वेळी होतो.

१९९०–९१चा हंगाम तिथल्या लोकांना वेगळ्याच कारणानं आठवतो. तो कुपनांचा हिवाळा. साखर, तेल, चीज कुपनावर, दुकानांसमोर पहाटेपासून रांगा, वीज ठरावीक तास येणार आणि ठरावीक तास जाणार. फेब्रुवारीत किमतींवरचं नियंत्रण उठलं आणि भाव रातोरात कुठल्या कुठं गेले. अशा हिवाळ्यात गेओर्गी वासिलेव्ह या प्रशिक्षकाच्या हाताखाली एतर पहिल्या क्रमांकावर होता. हंगामाच्या मध्यावर, जानेवारीत, बालाकोव्ह लिस्बनच्या स्पोर्टिंगला निघून गेला. सगळ्यात हुशार माणूस गेल्यावर संघ बसतो, असा साधा हिशेब. हा बसला नाही. उन्हाळ्यात लीगचा चषक तर्नोवोला आला आणि सीएसकेए दुसरा राहिला.

वासिलेव्हच्या पद्धतीबद्दल एक सांगावंसं वाटतं. पुढं त्यानं लेव्स्कीला आणि नंतर सीएसकेएलाही विजेतेपद मिळवून दिलं. म्हणजे एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन्ही घरांत त्याला पाटावर बसवलं गेलं. एतरचं यश निव्वळ नशिबाचं, सोफिया लंगडी होती म्हणून मिळालेलं, असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हा माणूस आहे. दार उघडं होतं हे खरं, पण आत शिरायला पाय लागतात.

चषक मिळाला म्हणजे युरोपियन कपचं तिकीट मिळालं. चिठ्ठी निघाली जर्मन विजेत्या कायझर्सलाउटर्नची. तिकडे ०–२, तर्नोवोत १–१, खेळ खलास. पण त्या वर्षीचा पुढचा तक्ता पाहिला की हळहळ वाटते. कायझर्सलाउटर्नला दुसऱ्या फेरीत बार्सिलोना आली आणि शेवटच्या क्षणी बाकेरोच्या हेडरनं जेमतेम वाचली. म्हणजे एतर एक फेरी पुढं सरकला असता, तर इवायलो मैदानावर खुद्द स्तोइच्कोव्ह पाहुणा म्हणून उतरला असता. बार्सिलोनानं पुढं वेम्बलीवर तो चषक जिंकला. ही जर-तरची गोष्ट मी उगाच रंगवत नाही. लहान क्लबाच्या इतिहासात खरे सामने थोडे असतात, न झालेले फार.

आणि मग बाहेर जायचं दार तर्नोवोवाल्यांसाठीही उघडं होतं. किर्याकोव्ह स्पेनमध्ये देपोर्तिवोला गेला, त्स्वेतानोव्ह १९९३मध्ये लेव्स्कीला. पुढं १९९६मध्ये हे दोघं स्कॉटलंडच्या ॲबर्डीनला पुन्हा एकत्र आले. बालाकोव्ह स्टुटगार्टला गेला, तिथं एल्बर आणि बोबिच यांच्याबरोबर त्याच्या त्रिकुटाला ‘जादुई त्रिकोण’ म्हणत, आणि १९९७चा जर्मन चषक त्यांनी घेतला. अमेरिकेतल्या त्या विश्वचषकात स्पर्धेच्या सर्वोत्तम संघात स्तोइच्कोव्हबरोबर त्याचं नाव होतं. मेक्सिकोविरुद्ध त्याची पेनल्टी अडवली गेली होती, तेवढं त्याला माफ केलं गेलं. त्याच सामन्यात एका मेक्सिकन खेळाडूच्या धक्क्यानं गोलची चौकट मोडली आणि नवी आणून ठोकेपर्यंत सगळे खेळाडू मैदानात उभे होते, हे ज्यांनी पाहिलं ते विसरणार नाहीत.

जर्मनीला हरवलं त्या रात्री तर्नोवोच्या चौघांच्या पायांत चेंडू फिरत होता, तेव्हा त्यांचा क्लब उताराला लागला होता. सरकारी आधार गेला, त्याजागी आलेल्या मालकांना फुटबॉलपेक्षा दुसरे धंदे जास्त होते, आणि तयार केलेल्या पोरांसाठी बड्या क्लबांकडून घसघशीत पैसे घेण्याची अक्कल त्या वेळी पूर्व युरोपातल्या फार कमी क्लबांना होती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एतर वरच्या लीगमधून खाली आला. पुढं २००२मध्ये नव्यानं ‘एतर १९२४’ उभा राहिला. नावातच सन घातला, म्हणजे कुणी विचारू नये. हा २०१२मध्ये वर पोचला, एका हंगामात तळाला गेला आणि २०१३मध्ये मोडला. मग शेजारच्या देबेलेत्सच्या क्लबाचा आधार घेऊन त्याच वर्षी तिसऱ्यांदा एतर झाला. तो २०१७मध्ये वर आला, २०२१मध्ये खाली गेला, पुन्हा वर येऊन २०२४मध्ये पुन्हा खाली.

तेव्हा १९९१चा चषक आज नेमका कुणाचा, हा प्रश्न कागदावर विचारला तर उत्तर गुंतागुंतीचं आहे. नोंदणी वेगळी, संस्था वेगळी, हिशेबाच्या वह्या वेगळ्या. गॅलरीत जांभळा मफलर गुंडाळून बसणाऱ्याला विचारलं, तर तो तुम्हालाच वेड्यात काढेल. मैदान तेच, रंग तोच, नदी तीच.

त्रिफोन इव्हानोव्ह १३ फेब्रुवारी २०१६ला हृदयविकारानं गेला, पन्नाशीत, तर्नोवोजवळच्या सामोवोदेने गावात. जग फिरून तो राहिला होता घराच्या हाकेवर. बालाकोव्ह २०१८मध्ये प्रशिक्षक म्हणून एतरमध्ये परतला. सत्तावीस वर्षांपूर्वी सोडलेल्या आणि कागदोपत्री आपण कधीच न खेळलेल्या क्लबात. वर्षभरानं त्याला राष्ट्रीय संघासाठी बोलावणं आलं आणि तो सोफियाला गेला.

पुढच्या रविवारी स्लिव्हेन. त्या रात्री जर्मनीविरुद्ध झेपावून डोकं लावणारा टक्कल पडलेला लेच्कोव्ह त्या गावचा. पुढं तो तिथला महापौर झाला, आणि ती गोष्ट फुटबॉलपेक्षा जरा लांब जाते.