काळ्या मातीची दोन रूपे

स्थापत्य अभियांत्रिकीच्या चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात पूल, इमारती, रस्ते, पाणीपुरवठा असे अनेक विषय येत असले, तरी छत्रपती संभाजीनगरात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने सर्वांत मनापासून अभ्यासावा तो मृदा यांत्रिकी, म्हणजे भार आणि पाणी सोसताना माती कशी वागते हे सांगणारा विषय. येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० मध्ये सुरू झाले. त्याच्या परिसरातील मराठवाडा काळ्या पाषाणाचा, त्यावरच्या मुरमाचा आणि सखल भागांत साचलेल्या काळ्या मातीचा आहे.

कापसाला मानवणारी ही माती पायाला मानवत नाही. तिच्यातील चिकणखनिजाच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांत पाणी शिरले की ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि या फुगण्या-आकसण्याने हलक्या घरांच्या भिंतींना तिरपे तडे जातात. म्हणून पाया शक्यतो खालच्या मुरमापर्यंत नेतात. मातीचा हा स्वभाव प्रयोगशाळेत साध्या साधनाने कळतो. तिचा ओला लगदा पितळी वाटीत थापून मधोमध खाच पाडतात आणि वाटी १० मिलिमीटर उंचीवरून पुन्हा पुन्हा आपटतात. नेमक्या २५ ठोक्यांत खाच तळाशी सुमारे १२ मिलिमीटर मिटली, की कोरड्या मातीच्या वजनाशी पाण्याचे त्या वेळचे शेकडा प्रमाण ही ‘द्रवता मर्यादा’ ठरते. हे प्रात्यक्षिक केवळ वही भरण्यापुरते उरकणे फार नुकसानीचे आहे, कारण लगदा स्वतः कालवल्याखेरीज मातीचा चिवटपणा हाताला उमगत नाही.

पायाखाली नकोशी असलेली हीच माती धरणात मात्र मोलाची ठरते. पैठणला गोदावरीवर १९६५ मध्ये पायाभरणी होऊन १९७६ मध्ये लोकार्पण झालेले जायकवाडी हे सुमारे दहा किलोमीटर लांबीचे मातीचे धरण आहे. महाराष्ट्रातील अशा अनेक धरणांत, पाणी सहजी झिरपू न देणाऱ्या काळ्या मातीचा गाभा घालून त्याला दोन्ही बाजूंनी मुरमाचे आवरण देतात. गाभ्यातूनही थोडे पाणी पाझरतेच. ते जाताना मातीचे कण वाहून नेऊ लागले तर आतून बोगदा पडून धरण फुटू शकते, म्हणून गाभ्यामागे वाळूची गाळणी ठेवतात आणि पाझर नियमित मोजतात. विद्यार्थ्यांच्या धरणभेटीत दरवाजांइतकाच वेळ या पाझराच्या मोजमापाला द्यायला हवा: पाणी नितळ आहे की गढूळ, हे त्यांनी स्वतः वाकून पाहावे.