पुंगळी उभी का राहते? (लेखांक ७)

मागच्या आठवड्यात पिस्तुलाची स्लाइड मागे कशी जाते आणि पुढे कशी येते ते पाहिलं. आज ती अडते तेव्हाची गोष्ट.

वरणगावच्या आयुध निर्माणीमुळे भुसावळ-जळगावकडे काडतूस हा शब्द कुणाला नवा नाही. पण तिथली ओळख रायफलीच्या काडतुसांची. आपला विषय पोलिसांच्या कमरेला दिसणारं ९ मिमी पिस्तूल. ईशापूरच्या कारखान्यातलं, १९३५ साली बाजारात आलेल्या ब्राउनिंग हाय-पॉवरच्या घराण्यातलं. मॅगझिनमध्ये १३ राउंड.

धुळ्याच्या एका निवृत्त आर्मोररांनी एका हट्टी पिस्तुलाची हकिकत सांगितली. तिसऱ्या-चौथ्या राउंडला ते अडकायचंच. रिकामी पुंगळी बाहेर उडायची सोडून स्लाइडच्या खिडकीत धुराड्यासारखी उभी राहायची. स्प्रिंग दोनदा बदलून झाली, तेलही भरपूर घातलं. फरक शून्य.

"भाऊ, पहिले वही, मंग पाना," असं त्यांचं म्हणणं.

त्यांनी प्रत्येक मॅगझिनच्या बुडाला नेलपॉलिशने आकडा टाकला. वहीत तीन रकाने आखले: मॅगझिन कोणतं, नेमबाज कोण, काडतुसांचा लॉट कोणता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोष मॅगझिनबरोबर फिरला, तर त्याचे ओठ वाकलेत किंवा आतली स्प्रिंग थकली आहे. माणसाबरोबर फिरला, तर मनगट ढिलं पडतंय: हातच मागे गेला तर स्लाइडचा जोर त्यातच जिरतो, ती पुरती मागे जात नाही आणि पुंगळी वाटेत सापडते. हे अनुभवी शिपायालाही पटकन पटत नाही, कारण चूक हत्याराची वाटते. लॉटबरोबर फिरला, तर बारूद कमजोर असू शकते.

इथे तिन्ही रकाने बदलून झाले, अडकणं तसंच. म्हणजे दोष पिस्तुलातच. मॅगझिन काढलं, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने रिकामं असल्याचं तपासलं, मग स्लाइड उतरवली. एक्स्ट्रॅक्टर म्हणजे पुंगळीची कड धरून तिला ओढणारं नख. त्या नखाखाली काळी काजळी घट्ट बसली होती, भरिताचं वांगं भाजून झाल्यावर हाताला चिकटते तशी. वर ते 'भरपूर' तेल. खान्देशात मे महिन्याची धूळ तेलावर बसली की तिचा लगदा होतो. नख कडेवर पुरतं बसतच नव्हतं. कोरड्या ब्रशने साफ केलं, तेलाचा जेमतेम थेंब लावला. बिघाड गेला. दोन नव्या स्प्रिंगांचा खर्च मात्र वहीत राहिला.

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या वाटेने येणारे गावठी कट्टे या चर्चेत बसत नाहीत. त्यांची नळीच कोणत्या पोलादाची याचा पत्ता नसतो. तिथे अडकणं हा सर्वांत सौम्य दोष.

एक फरक मात्र आजच लक्षात ठेवा. पुंगळी अडकली, तर ती डोळ्यांना दिसते. पण आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर पुढचा राउंड झाडू नका. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. आणि नुसताच 'टक' झाला, तर नळी निशाणाकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, उशिरा पेट घेणारा राउंड हातात फुटू नये म्हणून.

पुढच्या आठवड्यात : स्लाइड पुढे येते, पण पुरती मिटत नाही.