गहू कधी भिजत घालू?

कुरडईचा गहू तीन दिवस भिजतो. रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून गाळायचा, चीक रात्रभर निवळत ठेवायचा आणि पाचव्या दिवशी पहाटे शिजवून सोऱ्या हातात घ्यायचा. म्हणजे आज गहू पाण्यात पडला की पाचव्या दिवशी कडक ऊन हवंच. ऐन वेळी आभाळ आलं म्हणून आंबलेला गहू थांबत नाही. फेब्रुवारी संपत आला की पनवेलच्या आमच्या गच्चीवर दरवर्षी हा एकच प्रश्न असतो. हवामान खात्याचा जिल्हावार अंदाजही बरोबर पाच दिवसांचा असतो, हे कळल्यापासून मी त्यांची भक्त झाले. जाऊबाई हसतात. पण गहू भिजवायच्या आधी फोन मलाच करतात.

सासूबाईंना फोन लागत नसे. त्या सकाळी गच्चीवर येऊन कर्नाळ्याचा सुळका बघायच्या. अंगठा स्वच्छ दिसला तर हवा कोरडी, घाला पापड. पुसट दिसला तर थांबा. ही युक्ती बऱ्यापैकी चालायची. आता विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, चहूकडे इमारती उठल्या, आणि धुळीने तो अंगठा बाराही महिने पुसटच असतो. त्याच्यावर विसंबले तर घरात एक कुरडई व्हायची नाही.

आमच्या उत्तर कोकणातला उन्हाळा हा दोन वाऱ्यांचा खेळ आहे. शाळेत आपण मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले, तेच हे. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. दिवसा जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार, दमट हवा आत शिरते. मार्चमध्ये सकाळी आमच्याकडे पूर्वेचा कोरडा वारा असतो. दुपारी कधीतरी तो फिरतो आणि खाडीकडून येऊ लागतो. पनवेल खाडीच्या टोकाला, उघड्या समुद्रापासून आत, त्यामुळे तो कुलाब्याला आधी पोचतो आणि आमच्याकडे मागाहून. तो वेळेवर आला तर पारा आवरतो. पूर्वेचा वारा जोर धरून बसला आणि खारा वारा अडला, की त्या दिवशी काहिली. २८ मार्च १९५६ ला सांताक्रूझला ४१.७ अंश नोंदले गेले होते, तेही मे महिन्यात नव्हे. कोकणात सगळ्यात चटके देणारे दिवस बऱ्याचदा मार्च-एप्रिलमध्येच येतात, ते यामुळे.

समुद्रापासून जितकं आत तितकं हे वाढतं. आमच्याच रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला, सह्याद्रीच्या कुशीतल्या वीज प्रकल्पापाशी, २८ मार्च २०१७ ला ४६.५ अंश नोंदल्याची बातमी आली होती. त्या आकड्यावर पुढे शंकाही घेतल्या गेल्या. पण त्या आठवड्यात मला नातेवाइकांचे फोन आले, "तुमच्या रायगडात शेहेचाळीस म्हणे!" आमच्या गच्चीवर तेव्हा नुसता घाम होता.

जिल्ह्याच्या अंदाजाची गंमत इथेच आहे. उरणपासून पोलादपूरपर्यंत सगळ्या रायगडाला एकच रंग मिळतो. हिरवा म्हणजे निवांत, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. महाबळेश्वराच्या पायथ्याशी ढग जमले तरी पिवळे आम्हीही होतो. म्हणून मी रंगावर थांबत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी शेतकऱ्यांसाठी कृषी हवामान सल्ला निघतो, तो उघडते. आंब्याची फवारणी, भाताचं बियाणं वगैरे माझ्या कामाचं नाही, पण वरच्या तक्त्यात माझं सगळं घबाड असतं: पाच दिवसांची आर्द्रता, वाऱ्याची दिशा, आणि आभाळाचे आठ भाग धरले तर त्यांतले किती ढगांनी झाकलेले असतील. दोनपर्यंत असलं तर गहू पाण्यात. पाच म्हटलं की पिशवी तशीच.

आर्द्रतेचा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा. ऊन कितीही कडक असो, हवेत आधीच पाणी भरलेलं असलं तर कुरडईतलं पाणी जाणार कुठे? वरून वाळल्यासारखी दिसते, दाबली की मधे लिबलिबीत. माणसाच्या अंगाचंही तसंच. घाम वाळला तर अंग निवतं. तो वाळलाच नाही तर उष्णता आतच राहते. किनाऱ्यावर उष्णतेची लाट म्हणायला पारा ३७ अंशांवर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश चढा असावा लागतो. मैदानी भागात हीच अट ४० ची आहे. १६ एप्रिल २०२३ च्या रविवारी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण सोहळ्याला लाखो माणसं भर उन्हात बसली होती. पारा चाळिशीच्या आतच होता. उष्माघाताने १४ जीव गेले. खारघर आमच्याच तालुक्यातलं. तेव्हापासून तक्ता बघताना आर्द्रतेचा आकडा मी कुरडयांसाठी आणि घरातल्या माणसांसाठी असा दोनदा वाचते.

एप्रिलच्या उत्तरार्धात वाळवणाचा दुसरा शत्रू येतो. दुपारी माथेरानच्या आणि प्रबळगडाच्या डोक्यावर पांढरे ढग कोबीसारखे फुलू लागतात, आणि वरचा वारा पूर्वेचा असला तर संध्याकाळी ते आमच्याकडे सरकतात. अंदाजात शब्द येतो, "तुरळक ठिकाणी पाऊस". मी आधी याचा अर्थ थोडासाच पाऊस असा धरायचे. एकदा अख्ख्या साबुदाण्याच्या पापड्या त्या समजुतीपायी पाण्यात गेल्या. तुरळक हा शब्द पावसाचा नसून ठिकाणांचा आहे: त्या भागातल्या फार तर पाव केंद्रांवर पाऊस पडेल. ज्या पाव भागात पडेल तिथे तो बदाबदाही पडू शकतो, आणि उरलेले तीन भाग खात्याला शिव्या घालत कोरडे बसतात. अशा दिवशी कामाला येतो तो तीन तासांचा तातडीचा इशारा. तो आला की मी आधी सुनेला हाक मारते आणि मग प्लास्टिकची चारी टोकं धरायला पळते.

२०२५ च्या मे महिन्यात मात्र हा सगळा हिशेब गुंडाळावा लागला. सांडगी मिरच्या मी नेहमी शेवटी घालते. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला येतो, म्हणजे हातात वेळ असतो. त्या वर्षी महिन्याच्या सुरुवातीपासूनच वळवाने पिच्छा पुरवला, आणि २६ मे ला खात्याने मोसमी पाऊस मुंबईत पोचल्याचं जाहीर केलं. कुलाब्याचा मे महिन्याच्या पावसाचा १९१८ पासूनचा विक्रम मोडला. माझ्या तीन किलो मिरच्या, मसाला भरून, अर्ध्याकच्च्या. शेवटी हॉलमध्ये जुनी साडी अंथरली, पंखा पाचवर केला आणि त्याखाली त्या चार दिवस वाळवल्या. नातू शिंकत शिंकत अभ्यासाला शेजारी गेला. जाऊबाई बघायला आल्या, नाकाला पदर लावून दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "खात्याला विचारा, पंख्याला कुठला रंग दिलाय."