युद्धात बुडालेली जहाजं पुन्हा बांधायची आहेत? पालघर-बोईसरमध्ये 'ग्रुप बिल्ड' कसा ठरवायचा, समजून घ्या

तारापूरच्या किनाऱ्यावर उभं राहून पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे बघितलं, तर खंभातच्या आखाताच्या पलीकडे दीव आहे. सरळ रेषेत अंतर साधारण २०० किलोमीटर. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री याच दीवजवळच्या समुद्रात 'आयएनएस खुकरी' बुडाली. पाकिस्तानच्या 'हँगोर' या पाणबुडीने सोडलेला टॉर्पेडो लागला आणि काही मिनिटांत जहाज पाण्याखाली गेलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आलं.

स्वातंत्र्यानंतर युद्धात बुडालेली ही भारताची एकमेव युद्धनौका. मुंबईहून निघालेली. आणि तरीही आपल्या किनारपट्टीवरच्या किती मुलांना तिचं नाव माहीत आहे?

आता एक कल्पना करा. पालघर, बोईसर, तारापूर भागातले आठ-दहा जण एकत्र येतात आणि ठरवतात, की युद्धात बुडालेल्या जहाजांच्या छोट्या प्रतिकृती बनवायच्या. प्रत्येकाने एक. जगभर मॉडेल बनवणारे लोक हे करतात आणि त्याला 'ग्रुप बिल्ड' म्हणतात. हे नेमकं काय असतं आणि आपल्याकडे करायचं तर काय काय ठरवावं लागेल, हे सोप्या भाषेत बघूया.

ग्रुप बिल्ड म्हणजे काय?

नावात 'ग्रुप' असलं तरी सगळे मिळून एकच मॉडेल करत नाहीत. विषय एक, मुदत एक, नियम तेच. पण मॉडेल ज्याचं त्याचं. मधल्या काळात सगळे एकमेकांना फोटो पाठवतात, अडलं तर विचारतात आणि शेवटी सगळी मॉडेल्स एका टेबलावर मांडतात.

फायदा काय? मॉडेल बनवणाऱ्या कुणालाही विचारा, घरात अर्धवट राहिलेली किट किती आहेत ते. एकट्याने सुरू केलेलं काम बहुतेक वेळा रंगापर्यंत येऊन थांबतं. दर रविवारी ग्रुपवर फोटो टाकायचा असला, की शनिवारी रात्री आपोआप कटर हातात येतो.

'युद्धात बुडालेलं' म्हणजे नेमकं कुठलं?

पहिला वाद इथेच होतो. त्यामुळे हा नियम सुरुवातीलाच लिहून ठेवा. काही उदाहरणं बघा.

खुकरीबद्दल प्रश्नच नाही. तिला बुडवणारी हँगोर मात्र या यादीत बसत नाही, कारण ती बुडाली नाही. २००६ मध्ये ती निवृत्त झाली आणि आज कराचीच्या संग्रहालयात आहे.

'पीएनएस खैबर' ही पाकिस्तानी विनाशिका ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीजवळ बुडाली. भारतीय क्षेपणास्त्र बोटींचा तो हल्ला म्हणजे 'ऑपरेशन ट्रायडंट'. आपला नौदल दिन ४ डिसेंबरला असतो, तो यामुळेच. खैबर यादीत बसते.

'पीएनएस गाझी' ही पाणबुडी त्याच्या आदल्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली. भारताच्या म्हणण्याप्रमाणे 'आयएनएस राजपूत'ने तिला बुडवलं. पाकिस्तानच्या म्हणण्याप्रमाणे ती अपघाती स्फोटाने बुडाली. मग ही 'युद्धात बुडालेली' धरायची का?

गोव्याचं उदाहरण आणखी वेगळं आहे. १८ डिसेंबर १९६१ ला 'अफोन्सो द अल्बुकर्क' या पोर्तुगीज युद्धनौकेची 'बेतवा' आणि 'बियास' या भारतीय फ्रिगेट्सशी मुरगाव बंदरात चकमक झाली. मार खाल्ल्यावर तिच्याच खलाशांनी तिला किनाऱ्याला नेऊन रुतवलं. जहाज गमावलं, पण बुडालं नाही.

आणि मराठी माणसाला सगळ्यात जास्त टोचणारं उदाहरण १७५६ चं. फेब्रुवारी महिन्यात अॅडमिरल वॉटसनच्या आरमाराने विजयदुर्गावर हल्ला केला आणि बंदरात उभं असलेलं तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. आपल्याच माणसांच्या साथीने आपलं आरमार संपलं. त्यातली गुराबं आणि गलबतं या यादीत नक्की बसतात.

माझं मत विचाराल तर नियम असा ठेवा: 'शत्रूशी लढताना किंवा युद्धमोहिमेवर असताना कायमचं गमावलेलं जहाज.' यात खुकरी, खैबर, गाझी, अल्बुकर्क, आंग्र्यांची गुराबं सगळी येतात. गाझी कशी बुडाली यावर भांडत बसावं लागत नाही. दोन्ही बाजूंचं म्हणणं फलकावर लिहायचं.

शत्रूचं जहाज ठेवायचं का?

हा प्रश्न येणारच, आणि सोशल मीडियावर फोटो टाकल्यावर तर नक्कीच. 'पाकिस्तानचं जहाज कशाला बनवता?' अशी पहिली कमेंट पाच मिनिटांत येईल.

याचं उत्तर आधी ग्रुपमध्ये ठरवा, मग जगाला द्या. मला वाटतं, खुकरी एकटी ठेवली तर तिची गोष्ट अर्धी राहते. शेजारी खैबर असेल, तर बघणाऱ्याला कळतं की त्या पाच-सहा दिवसांत दोन्हीकडची जहाजं गेली आणि दोन्हीकडच्या घरांत तारा पोहोचल्या. यात कुणाचा उदोउदो नाही. पण कुणाला हे पटत नसेल, तर त्याने फक्त भारतीय जहाज निवडावं. सक्ती नको.

एक गोष्ट मात्र पक्की असावी: बुडतानाचं दृश्य करायचं नाही. पेटलेलं जहाज, पाण्यातली माणसं यांचा फोटो व्हायरल होईलही. पण खुकरीवर गेलेल्यांची मुलं, भावंडं आज आपल्या आसपास असू शकतात. जहाज ज्या दिवशी धडधाकट होतं, त्या दिवसाचं दाखवा.

स्केलचं गणित

१/३५० स्केल म्हणजे खऱ्या जहाजाचे ३५० सेंटिमीटर मॉडेलमध्ये १ सेंटिमीटर. जहाजांच्या किटमध्ये १/३५० आणि १/७०० ही दोन मापं जास्त चालतात. १/७०० रुळवलं ते जपानच्या शिझुओकामधल्या कंपन्यांनी. त्यांनी एकत्र येऊन 'वॉटरलाइन' मालिका सुरू केली, तीही योगायोगाने १९७१ मध्येच. पाण्यावर दिसतो तेवढाच भाग बनवायचा, तळ नाही, ही तिची पद्धत.

आपल्या यादीतली जहाजं १/३५० मध्ये केवढी होतील?

• खुकरी: खरी लांबी सुमारे ९४.५ मीटर, मॉडेल २७ सेंटिमीटर
• गाझी: सुमारे ९५ मीटर, मॉडेल २७ सेंटिमीटर
• अल्बुकर्क: सुमारे १०० मीटर, मॉडेल २८.५ सेंटिमीटर
• खैबर: सुमारे ११५ मीटर, मॉडेल ३३ सेंटिमीटर

म्हणजे शाळेच्या फूटपट्टीएवढी. आता कुणी म्हणालं, की मी १९४५ मध्ये बुडालेली जपानची 'यामातो' करतो, तर २६३ मीटरचं ते जहाज ७५ सेंटिमीटरचं होईल. करू द्या, पण स्केल तेच ठेवा. एकाच टेबलावर वेगवेगळी स्केल्स आली, की खुकरी यामातोएवढी दिसते आणि बघणारा चुकीची गोष्ट घेऊन घरी जातो.

किटच मिळालं नाही तर?

यामातो, बिस्मार्क, हूड यांची किट मोठ्या कंपन्या काढतात. खुकरीचं तसं नाही. तयार किटची वाट बघत बसण्यापेक्षा ती हाताने बनवायची तयारी ठेवा.

हे वाटतं तेवढं अवघड नाही. खुकरी ही ब्रिटनमध्ये बांधलेली 'ब्लॅकवुड' वर्गाची फ्रिगेट. 'कृपाण' आणि 'कुठार' या तिच्या सख्ख्या बहिणी. म्हणजे खुकरीचा एखादा कोपरा फोटोत दिसत नसेल, तर याच वर्गाच्या दुसऱ्या जहाजाचे फोटो बघता येतात. फक्त फोटो कुठल्या सालचा आहे ते तपासा, कारण जहाजांवर बदल होत राहतात. पाणबुडीविरोधी काम हेच या वर्गाचं मुख्य काम होतं, त्यामुळे मोठ्या तोफा नाहीत. ४० मिलिमीटरच्या बोफर्स तोफा आणि मागच्या बाजूला पाणबुडीविरोधी 'लिंबो' मॉर्टर. पूर्ण तळासह मॉडेल करणार असाल तर लक्षात ठेवा, पंखा एकच.

पद्धत साधी. आराखडा स्केलप्रमाणे छापा. सनबोर्डची एक उभी पट्टी म्हणजे कणा. त्यावर ठरावीक अंतरावर आडवे छेद चिकटवा. वरून पातळ प्लास्टिक शीट लावा, फटींत लांबी भरा, पॉलिश पेपरने घासा. डोलकाठीसाठी पितळी तार. दोरखंडासाठी किटच्या फ्रेमचा तुकडा मेणबत्तीवर गरम करून ताणला, की केसासारखा धागा निघतो.

आंग्र्यांचं गुराब निवडणाऱ्याने लाकूड घ्यावं. सातपाटी, डहाणू, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर होड्या बांधणारे आणि दुरुस्त करणारे हात अजून आहेत. नाळेचा बाक कसा यावा हे यूट्यूबपेक्षा त्यांच्याकडे अर्धा तास बसून जास्त कळेल. एक प्रामाणिकपणा मात्र हवा. या जहाजांचे आजच्यासारखे मोजमापाचे नकाशे नाहीत. त्यामुळे फलकावर 'जुन्या चित्रांवरून केलेला अंदाज' असं स्पष्ट लिहा.

वेळापत्रक: आधी पाऊस बघा

बोईसरला घरी मी पहिलं मॉडेल जुलैत रंगवलं होतं. करड्या रंगावर सकाळी पांढरट धुरकट थर आला. रंग खराब आहे म्हणून दुकानदाराला नावं ठेवली. चूक माझी होती. हवेत दमटपणा जास्त असला, की थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प धरतं आणि चमक जाते. आपल्या किनाऱ्यावर हे पावसाळ्यात हमखास होतं.

म्हणून असं ठरवता येईल:

• जून: जहाज निवडणं, फोटो आणि माहिती जमवणं
• जुलै ते सप्टेंबर: कापणं, चिकटवणं, घासणं
• ऑक्टोबर: दसऱ्याच्या आसपास प्रायमर आणि रंग
• नोव्हेंबर: दिवाळीनंतर बारीक कामं आणि फलक
• ४ ते ९ डिसेंबर: प्रदर्शन

नौदल दिनाला सुरुवात आणि खुकरीच्या दिवशी समारोप. तारखा आपोआप जुळतात. जागा म्हणून शाळेचा हॉल किंवा वाचनालय पुरेसं आहे. एमआयडीसीत शिफ्ट करणारे आणि मुंबईला लोकलने जाणारे एकाच ग्रुपमध्ये असतील, तर महिन्यातून एकदाच प्रत्यक्ष भेटा. बाकी काम व्हॉट्सअॅपवर. कोण कुठलं जहाज करतंय याची एक गुगल शीट ठेवा, म्हणजे तिघांच्या तीन खुकरी होणार नाहीत. आणि दोन जण गळतील हे धरूनच चाला.

तब्येत सांभाळा

एमआयडीसीच्या गावात राहणाऱ्यांना सॉल्व्हंटचा वास काय असतो हे वेगळं सांगायला नको. तरीही बंद खोलीत, पंखा बंद करून स्प्रे मारणारे असतात. खिडकी उघडी ठेवा, मास्क लावा. मेणबत्ती पेटलेली असताना थिनरची बाटली खोलीत नको. रेझिन किंवा लांबी घासताना पाणी लावून घासा, म्हणजे धूळ नाकात जात नाही. शाळेची मुलं असतील तर पाण्याने धुता येणारे अॅक्रिलिक रंगच द्या.

फलकावर काय लिहायचं?

जहाजाचं नाव, देश, तारीख, जागा आणि किती माणसं गेली. पाच ओळी बास. तोफा आणि वेग वाचणारे वाचतीलच, पण माणसांचा आकडा सगळ्यात वर हवा.

तो आकडा दाखवायची एक पद्धत सुचवतो. १/३५० स्केलमध्ये माणूस जेमतेम ५ मिलिमीटरचा होतो, तांदळाच्या दाण्याएवढा. खुकरीवर १९४ जण गेले. तेवढे दाणे रंगवून एकेक सेंटिमीटरवर एका ओळीत उभे केले, तर ओळ जवळपास दोन मीटर लांब होते. शेजारचं जहाज फक्त २७ सेंटिमीटरचं.

दीवमध्ये समुद्राकडे तोंड करून खुकरीचं स्मारक आहे. तिथेही काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृतीच ठेवली आहे. तिथपर्यंत जाणं सगळ्यांना जमत नाही. पण एखाद्या डिसेंबरमध्ये बोईसरच्या एखाद्या शाळेत एखादी पाचवीतली मुलगी त्या दोन मीटरच्या ओळीजवळ थांबली आणि बोट ठेवून मोजायला लागली, तर सहा महिने घासलेल्या पॉलिश पेपरचे पैसे वसूल झाले म्हणायचे.