गोठ्याचं घर, पाहुण्यांची चूल

वेल्सच्या नैर्ऋत्य टोकाला पेम्ब्रोकशर परगण्यात सेंट डेव्हिड्स आहे. वस्ती दोन हजारांच्या आत, तरी दर्जा शहराचा. १२व्या शतकात बांधायला घेतलेल्या कॅथीड्रलमुळे मिळालेला हा जुना मान राणी एलिझाबेथ दुसरी हिने १९९५ साली रीतसर परत दिला आणि ब्रिटनमधलं सर्वांत लहान शहर म्हणून ते नोंदलं गेलं. क्रॉस स्क्वेअर या चौकातून कोणत्याही रस्त्याने थोडं चाललं की घरं संपतात आणि दगडमातीच्या बांधांमधली शेतं सुरू होतात. रेल्वे इथवर येत नाही. हॅवरफर्डवेस्ट स्टेशनवर उतरून पुढचे सोळा मैल बसने जायचं.

पाहुण्यांची सवय या गावाला फार जुनी. मध्ययुगात सेंट डेव्हिड्सच्या दोन वाऱ्या केल्या की रोमच्या एका वारीचं पुण्य लाभतं असं मानलं जाई. ज्याच्यासाठी ही वारी, तो डेव्हिड सहाव्या शतकातला मठाधिपती. त्याच्या मृत्यूनंतर पाचेकशे वर्षांनी रिगिव्हार्ख या धर्मपंडिताने त्याचं चरित्र लिहिलं. त्यात मठाची शिस्त आली आहे: नांगराला बैल जुंपायचे नाहीत, जू संन्याशांनी स्वतःच्या खांद्यावर घ्यायचं, जेवण भाकरी, मीठ आणि पाल्याचं, प्यायला पाणी. त्यातली दंतकथा किती आणि इतिहास किती ते बाजूला ठेवू. पण आपलं काम आपण करावं ही शिकवण ज्या भूमीत रुजली, तिथे आज लोक सुट्टी घालवतात तीही स्वतः रांधून, स्वतः भांडी घासून. मला हा धागा मोलाचा वाटतो.

या सुट्टीला तिकडे ‘सेल्फ-केटरिंग’ म्हणतात. हॉटेल नाही, वेटर नाही, नाश्त्याची वेळ नाही. आठवड्याच्या बोलीने अख्खं घर भाड्याने घ्यायचं. किल्ली मिळते, ओट्यावर केटली आणि चहाचं सामान असतं, दिवाणखान्यात लाकडं जाळायची लोखंडी शेगडी असते. बाकी सगळं आपण बघायचं. म्हणजे पहिल्या संध्याकाळी कडे पाहायला न जाता बाजारात जावं लागतं, आणि गाव कळायला सुरुवात तिथेच होते.

मे-जूनमध्ये गेलात तर पिशवीत आधी पडतील ते पेम्ब्रोकशरचे कोवळे बटाटे. समुद्रामुळे इथे हिवाळा सौम्य, पिकं गोठवणारं दहिवर कमी, म्हणून बटाटा ब्रिटनमधल्या बहुतेक भागांच्या आधी निघतो. २०१३ साली त्याला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं. साल इतकी पातळ की अंगठ्याने चोळली तरी निघते. उकडून लोणी लावलं की झालं. थंडीत ‘काउल’ रांधावं: मटण, लीक, स्वीड नावाचा पिवळसर कंद आणि बटाटे मंद आचेवर तासन्‌तास शिजवून केलेला रस्सा. सोबत पाव आणि चीज. दुसऱ्या दिवशी तो अधिक मुरतो, आणि उरलेलं गरम करून खायची मुभा हॉटेलात कुठली? किनाऱ्यावरच्या खडकांवरून खुडलेलं लेव्हर नावाचं शेवाळही मिळतं. ते कित्येक तास शिजून काळपट हिरवं, लगद्यासारखं होतं. ओटच्या पिठात घोळून त्याच्या टिकिया तव्यावर परतायच्या. याच परगण्यात, दक्षिणेकडच्या फ्रेशवॉटर वेस्टच्या किनाऱ्यावर, हे शेवाळ वाळवायच्या झोपड्यांची पूर्वी रांग होती. एक झोपडी आजही जपली आहे. चव पहिल्या घासाला परकी लागते, तिसऱ्याला नाही.

पण मला बोलायचं आहे ते घराविषयी. शिवारातल्या या कॉटेजेसपैकी अनेक मुळात गोठे आणि कोठारं होती. १९८४ साली युरोपीय आर्थिक समुदायाने दूध उत्पादनावर कोटा लावला. पश्चिम वेल्स हा दुधाचाच मुलूख; छोट्या शेतकऱ्याला रातोरात हात आखडावा लागला. नंतर २००१ साली लाळ्या-खुरकताची साथ आली, पायवाटा बंद झाल्या, पर्यटक थांबले. शेतीच्या जोडीला दुसरं उत्पन्न हवं हे ध्यानात आलेल्या कुटुंबांनी जाड भिंतींचे रिकामे गोठे दुरुस्त केले, आत मोरी आणि स्वयंपाकघर केलं आणि ते भाड्याने दिले. मालकीण अंगणापलीकडे राहते, सकाळी गाई पिळल्या जातात, भाडं त्याच शेतात जिरतं. असं घर कोणाच्या डोक्यावरचं छप्पर काढून घेत नाही.

गावातलं घर बाहेरच्या माणसाने सुट्टीसाठी विकत घेतलं की गोष्ट निराळी होते. किमती चढतात, तिथेच वाढलेल्या जोडप्याला घर परवडत नाही, हिवाळ्यात गल्लीत दिवे लागत नाहीत, शाळेचा पट घटतो. पेम्ब्रोकशरचा उत्तर भाग वेल्श बोलणारा, दक्षिण भाग कैक शतकं इंग्रजी बोलणारा. सेंट डेव्हिड्स उत्तरेत येतं. २०२१च्या जनगणनेत सबंध वेल्समध्ये वेल्श बोलणारे १७.८ टक्के उरले होते. तरुण कुटुंब गाव सोडतं तेव्हा भाषाही त्याच्याबरोबर जाते. या सगळ्याची चीड एकदा पेटली होती. डिसेंबर १९७९पासून पुढे बारा-तेरा वर्षं ‘मेबियन ग्लिंडूर’ या गुप्त गटाने वेल्सभर इंग्रजांच्या मालकीची सुट्टीची घरं जाळली, दोनशेहून जास्त. जाळपोळीचं समर्थन मी करणार नाही. पण दुखणं खरं होतं, आणि सरकारने ते कायद्याने हाताळायला पुढची कित्येक वर्षं घेतली.

आता कायदा आहे आणि तो कडक आहे. दुसऱ्या घरावर तिथल्या कौन्सिलला घरपट्टीच्या वर ३०० टक्क्यांपर्यंत जादा आकारणी करता येते. पेम्ब्रोकशरने २०२४ साली २०० टक्के लावली, पुढच्या वर्षी ती १५०वर आणली. भाड्याचं घर व्यवसाय म्हणून मोजलं जायचं असेल, तर एप्रिल २०२३पासून ते वर्षात किमान १८२ रात्री प्रत्यक्ष भाड्याने गेलं पाहिजे. आधी ही अट ७० रात्रींची होती. ज्या गोठ्याला बांधकाम परवानगीच फक्त पर्यटकांसाठी मिळाली आहे, त्याला जादा आकारणीतून सूट आहे, साध्या घरपट्टीतून नाही. परवानगीत तशी अट नसेल, तर अंगणातल्या गोठ्यालाही जादा पट्टी लागू शकते. दुसऱ्या घरांवर जबर कर असावा या मताचा मी आहे. पण शेतकऱ्याचा गोठा आणि गल्लीतलं रिकामं घर एकाच मापाने मोजलं जाऊ नये. शेताच्या अंगणातला गोठा विकत घेऊन तिथे संसार थाटायला कोण येणार?

१८२ रात्री भरायच्या तर जुलै-ऑगस्टची गर्दी पुरत नाही. मालकांना शरद आणि हिवाळ्यातले पाहुणे हवेत, आणि जाणाऱ्यालाही तेच सोयीचं. १९७० साली खुली झालेली १८६ मैलांची किनारवाट सेंट डेव्हिड्सच्या द्वीपकल्पाला वळसा घालून जाते; ऑक्टोबरात तिच्यावर वर्दळ कमी असते. कार्न लिडी हा जेमतेम १८१ मीटरचा डोंगर, पण माथ्यावरून व्हाइटसँड्सची चौपाटी आणि रॅम्झी बेट एका नजरेत येतं. त्याच सुमारास बेटाभोवतीच्या लहान खडकाळ चौपाट्यांवर करड्या सीलांची पांढरी पिल्लं जन्मतात. ती कड्यावरूनच पाहावीत आणि कुत्रा सोबत असेल तर दोरीला बांधून न्यावा. माणूस खाली उतरला तर आई बिचकून पाण्यात जाते, आणि पिल्लाचं दूध तुटतं.