प्रमोशन येईल हो, पण करिअरचं काय?

सरकारी फायनान्समधल्या मित्रांना माझा एकच प्रश्न असतो: पुढची बदली कुठे मागणार? एमपीएससी देऊन महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेत शिरलात की प्रमोशन उशिरा का होईना, येतंच. शिकणं मात्र आपोआप होत नाही. २००५ च्या बदली कायद्याप्रमाणे एका पदावर साधारण तीन वर्षं मिळतात. मग प्लॅनिंगही तीन-तीन वर्षांचंच करा ना! कोषागारात बिलं तपासून झाली? आता जिल्हा परिषदेचं बजेट सांभाळा. नंतर महापालिकेत प्रतिनियुक्ती मागा. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणी योजनेसाठी २०० कोटींचे बॉण्ड्स ७.५९ टक्के व्याजाने काढले. तिथे क्रेडिट रेटिंग कळणारा माणूस लागतो. घराजवळची खुर्ची सगळेच मागतात. मी म्हणेन, तुम्ही नवं काम मागा!